गाडी ऐकत नाही

जिनगोंडा मगदूम सकाळी सातलाच शटरपाशी.
माझ्या हातात अजून चहाचा पेला,
कुपवाडच्या भोंग्याला अर्धा तास अवकाश.
म्हणाले, "ताई, गाडी ऐकत नाही."

काल दारात चावी फिरवली,
मूठ पिळलेली, तरी ढिम्म.
लाल दिवा तीनदा मिचकला, थांबला,
पुन्हा तीनदा.
"आणि आता?"
"आता चालती की. पण भरवसा गेला."

सीट उचलली.
विटेएवढा ॲल्युमिनियमचा डबा,
त्याच्या खाचांत मार्केट यार्डातली हळद बसलेली.
ब्रशनं झाडली. ही अशी कोंडली की डबा तापतो,
तापला की आपणहून जोर कमी करतो,
आणि मिरजेच्या पुलावर, पोत्यांखाली,
लोक त्याला आळशी म्हणतात.

त्यातून तीन जाड वायरी मोटारीत जातात,
पिवळी, हिरवी, निळी.
मोटारीत तीन साक्षीदार बसलेत,
चुंबक आत्ता कुठं आलं ते सांगत राहतात.
त्यावर हा ठरवतो, आता कुठल्या वायरीला द्यायचं,
कुठलीचं तोडायचं,
सेकंदाला शेकडो वेळा.
साक्षी जुळल्या नाहीत तर
अंदाजानं चालवत नाही. थांबतो.

चावी दिली म्हणून बॅटरी एकदम अंगावर घेत नाही.
पाटाचं दार आधी बोटभर उचलावं
तसं थोडं थोडं आत भरू देतो,
मग आत वाजतं: टक्.
मुठीची वायर तुटली, व्होल्टेज वर उसळलं
तरी त्याला कळतं,
एवढी घाई माणसाच्या हातात नसते.

(ब्रेकची वायर एकदा मीच कापून दिली होती.
गिऱ्हाईक म्हणालं, ब्रेकला बोट लागलं तरी करंट तुटतोय, वैताग नुसता.
ती गाडी पुढं कुणाच्या दुकानात घुसली
ते मी विचारलं नाही, मला सांगितलं गेलं.
तो डबा अजून फळीवर आहे.
विकला नाही. टाकलाही नाही.)

"मगदूम, तीनदा मिचकला म्हणजे
चावी द्यायच्या आधीच मूठ पिळलेली होती.
कुणी पिळली होती?"

"नातवानं. मांडीवर होता.
त्याला वाटतं गाडी तोच चालवतोय."

"आणि गाडीच्या पुढं?"

बोलले नाहीत.
रस्त्यावरून दुधाची गाडी गेली, कॅनांचा आवाज
बराच वेळ येत राहिला.

"पुढं आमची मंडळी होती," शेवटी म्हणाले.
"उकिडवी बसून नंबरप्लेट पुसत होती.
रोज पुसती. मी म्हणतो कशाला,
तरी पुसती."

मग खाली वाकून
त्या डब्यावर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"गार हाय," म्हणाले.
"उभ्या गाडीचा गारच असणार."

पैसे काढले. मी म्हटलं, कशाचे?
काही बिघडलंच नव्हतं.
हळद झाडल्याचे वीस घ्या म्हणाले, घेतले.

डावा हात मांडीवर ठेवून
त्यांनी उजव्यानं चावी फिरवली.
टक्.
दिवा हिरवा झाला तरी निघाले नाहीत.
समोर पाहिलं, वाकून पाहिलं,
रिकाम्या रस्त्याकडं
जरा जास्तच वेळ.