हिडकल, जानेवारी, सकाळचे सात

शिवलीला म्हणाली, "आता उलटा."
सांडशी दे म्हणावं, तितक्याच साधेपणानं.

मी उद्यमबागेतला. सव्वीस वर्षं भट्टीपुढं.
वितळल्या लोखंडाजवळ ओला हातमोजा न्यायचा नाही
एवढं शिकून दोन्ही हात शाबूत राखलेला माणूस.
थंडी म्हणजे माझ्या लेखी
रात्रपाळीनंतर तिसऱ्या गेटावर
कानाला झोंबते ती.

कंबर डावीकडं टाकली.
आभाळ गेलं,
आणि पाण्यानं छातीवर घण घातला.

तोंड आपोआप उघडतं, हे तिनं काठावर सांगितलं होतं.
मी मान हलवली होती,
सुरक्षा सप्ताहात हलवतो तशी.

वर आलो तर श्वास माझा राहिला नव्हता.
फाटक्या भात्यासारखा, हुं हुं हुं,
नुसता आत, बाहेर यायचं नावच नाही.
काठ दिसत होता. निलगिरीची रांग,
मागं कुणाचा तरी ऊस, चुलीचा धूर.
दीडशे हात असेल.
पाठीला सुका भोपळा बांधून मामानं
येळ्ळूरच्या विहिरीत ढकललं तेव्हा मी सात वर्षांचा,
आणि महिन्यात भोपळा फेकून दिला होता.
हे काय, दहा हात मारले की

"मदल उसिर बिडू!"
आधी श्वास सोड. ती कानडीत ओरडली.
घाईत ज्याची त्याची भाषा बाहेर पडते,
आणि भट्टीवर धोक्याची हाक मी कानडीतच ऐकत आलोय.
सोडला.
हळू. ओठ शिट्टीसारखे करून.
जाकीट धरून होतं, मला फक्त थांबायचं होतं.

रवळू माझ्याहून चांगला पोहायचा.
ह्याच पाण्यात, ह्याच महिन्यात, जाळ्याची होडी उलटली,
तर पारशानं तिचं बूड कवटाळलं आणि
तासभर गुरासारखा ओरडत राहिला.
तो आज शनिवारी वांगी विकतो.
रवळू म्हणाला,
"काठ हितंच हाय की गा, आलोच."

वल्हं मांडीखाली. हात आरपार.
पाय मागं, पाण्याच्या वर, नुसते लोंबू द्यायचे नाहीत.
लाथ, लाथ,
आणि तव्यावर भाकरी पडावी तसा पोटावर.
पडलो तो सरळ पलीकडं पाण्यात.
पुन्हा तेच. पुन्हा तो घण,
पण ह्या वेळी आतलं दार मी धरून ठेवलेलं.

दुसऱ्यांदा बेंबी टेकली.
तसाच पडून राहिलो, गाल प्लास्टिकवर,
मग कूस, मग बूड, मग पाय एकेक.
बसलो. खाली पाणी, मांडीवर पाणी,
दात वाजत होते, लाज वाटली नाही.

बक्कल काढायला गेलो तर बोटं
दुसऱ्या कुणाच्या हाताला जोडल्यासारखी.
ह्या बोटांनी मी साच्यातला केसाएवढा चरा ओळखतो.
शिवलीला जवळ आली, घड्याळ बघितलं.
"अकरा मिनिटं," म्हणाली. "म्हणून आधी होडी, मग बाकीचं."
बक्कल तिनंच काढलं, पाणी निथळून परत लावलं.
"आणि एकदा?"

मी काठाकडं बघितलं.
निलगिरी, ऊस, धूर.
अजून तेवढाच जवळ दिसत होता.