सोमवारी दुपारी बारा वाजता

सोमवारी दुपारी बरोबर बारा वाजता
कॅन्ससमधल्या या गावात भोंगा होतो.
पहिल्या सोमवारी मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर
हातातलं सँडविच टाकून उभी राहिले.
बाकी कुणाची मानसुद्धा वळली नाही.
एक मुलगी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली,
"चाचणी आहे. आभाळ भरलं असेल तर घाबरायचं."

कराडला साडेआठच्या भोंग्यावर
बाबा घड्याळ लावतात.
इथे लोक
वादळ लावून बघतात, चालतंय का.

मग अंगवळणी पडलं.
बाराचा भोंगा झाला की मी केस जाळीत कोंबते,
भोजनगृहात मागच्या दाराने शिरते
आणि लोकांच्या उष्ट्या ताटल्या
वाफेच्या बोगद्यात सरकवत राहते.
आठवड्याला वीस तास. एकविसावा तास गुन्हा.
आईला सांगितलंय, ग्रंथालयात काम करते.
शेजारी क्वाबेना चमचे वेचतो.
घानात तो शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा.
ताटलीत अख्खं सफरचंद आलं
की पुसून खिशात टाकतो, म्हणतो,
"गुरुत्वाकर्षण. माझ्याच बाजूला पडलं."

रविवारी बस नसते.
म्हणून शनिवारी थुईच्या गाडीत सहाजण,
परतताना प्रत्येकाच्या मांडीवर कुणाचा तरी तांदूळ.
पेट्रोलचा हिशेब गुलनोराकडे:
ती मोजते उझबेकीत, भांडते इंग्रजीत.

आणि "कशी आहेस?" विचारणारा माणूस
उत्तर तोंडात येईतो
पुढच्या दारातून बाहेर पडलेला असतो.
सुरुवातीला मी मागे धावत जाऊन सांगायचे,
सर्दी झालीय म्हणून.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी
रात्री पावणेदहाला भोंगा झाला.
सोमवार नव्हता. बारा नव्हते.

तळघरात कपडे धुण्याची चार यंत्रं,
एक कायमचं बिघडलेलं.
तिथे सगळे जमलो, हाताला लागेल ते घेऊन,
तर बघते, सगळ्यांच्या हाती तेच लागलेलं:
पारदर्शक प्लॅस्टिकची फाईल.
पासपोर्ट, आय-ट्वेंटी, फी भरल्याची पावती.
कागद उडाले आणि जीव वाचला असता
तर तो आहे, हे कुणाला पटवणार होतो?

एकट्या थुईने कुकर आणला होता, भातासकट,
वायर शेपटीसारखी फरफटत.

वेंडेल, इमारतीचे नळ-दिवे बघणारा, जन्माने इथलाच,
वर ओट्यावर उभा. हात खिशात.
"खाली ये!" गुलनोरा किंचाळली.
"हिरवं झालंय," तो म्हणाला,
शेजारी पाहुणे उतरलेत
असं सांगावं तसं.
मग आला. केसांत पाचोळा.
भात आहे का, म्हणाला.

रोज हजार ताटल्या धुणारे आम्ही दोघं,
आणि आता एक ताटली नाही.
क्वाबेनाने फाईल मांडीवर आडवी घेतली.
व्हिसाच्या बरोबर वर, प्लॅस्टिकवर,
थुईने दोन डाव भात घातला.
कुणाचे तरी कपडे ड्रायरमध्ये गोल गोल.
अकरा मिनिटं उरली होती.

आईचा फोन आला.
"कुठे आहेस?"
"ग्रंथालयात."
"एवढ्या रात्री? आणि जेवतेयस?"

वरचा भोंगा एव्हाना थांबला होता,
वारा दार धरून हलवत होता,
आणि एकदम पुन्हा,
बारीक, लांबून, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा,
भोंगा.
सगळ्यांनी फायली छातीशी धरल्या. भात सांडला.

"नाही, नाही," मी म्हणाले. फोन वर धरला.
"हा आमच्याकडचा. साडेआठचा.
बाबा आत्ता घड्याळ लावत असतील."

वेंडेलने मनगटाकडे पाहिलं.
"तिकडे सगळं ठीक ना?"
त्याने विचारलं, फाईलवरचं शीत उचललं,
आणि उत्तर येईपर्यंत थांबला.