लागेल कधीतरी

गुरवांचा पोरगा सांगून गेला, पालखी मंगळवारी आपल्या वाडीत,
आणि मी पदर खोचून शिडी माळ्याला लावली.

वर दोन जातींची जाळी. एक कोळ्याची, एक खारव्याची.
कोळ्याची केरसुणीच्या फटक्यासरशी आली.
खारव्याची येईनात,
त्यांचा धनी खाली शिडी धरून उभा.

होडी जयगडला विकली त्याला अकरा वर्षं झाली.
तिचे बोये आहेत, शिशाच्या गोळ्या आहेत,
इंजिनाचा एक दात पडलेला गियर
मऊ फडक्यात तान्ह्या पोरासारखा गुंडाळलेला.
"हा कशाला?"
"ऱ्हाऊ दे. लागेल कधीतरी."

मी वरून टाकते, हे खालून झेलतात.
आईसबॉक्सचं झाकण.
तीन छत्र्यांच्या काड्या, कापड एकीलाही नाही.
फरशी केली तेव्हा उरलेली दीड लादी.
कुलपं, ज्यांच्या किल्ल्या खाडीत.
किल्ल्या, ज्यांची कुलपं कोण जाणे कुठल्या दाराला.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वाकडे खिळे,
निवांत बसून सरळ करायचे म्हणून ठेवलेले.
निवांतपणा आलाय की आता, मी म्हटलं.
तर म्हणाले, आता चष्मा सापडत नाही.

दुपारी सादिकचा टेम्पो आला, कर्णा लावून.
काट्यावर आमचा संसार तीस किलो भरला.
त्यातला अकरा किलो
सादिक ओटीवर पाणी पीत होता तेवढ्यात
मागच्या दाराने घरात परत गेला.
मला कळत नाही असं ह्यांना वाटतं.

मग ते कॅलेंडर.
मधलीच्या जन्माच्या सालचं, एक कोपरा वाळवीने खाल्लेला.
चौकोनाचौकोनात ह्यांचं अक्षर:
उधाण. भांग. सुरमई अकरा.
वारा. वारा. फुली.
जून लागला, होडी शाकारली, की पुढचे चौकोन माझे:
रॉकेल तीन लिटर, बाकी. दिली.
सुईणीचे चाळीस. दिले.
जैतूनभाभीकडून तांदूळ, दोन पायल्या.

त्याच्यापुढे काही नाही.
पान उलटलं, पुढचं उलटलं,
नारळी पुनव गेली, दिवाळी गेली, दत्तजयंती आली.
काही नाही.

शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिले.
मधली अंगावर पीत होती तेव्हा.
तांदूळ मी खाल्ला, लागला तिच्या अंगाला.
आज तिचा पोरगा दुसरीत आहे
आणि मी सकाळपासून
कोण काय साठवून ठेवतं म्हणून तोंड चालवतेय.

दोन पायल्यांचे किलो किती, ह्यांना विचारलं.
सात धर, म्हणाले. कशाला, ते विचारलं नाही.
मी आठ घेतले.

मोहल्ल्यात ईद आठवड्यावर आलेली.
भाभीही स्टुलावर, पंख्याची पाती पुसत,
भुवयांवर माझ्यासारखीच धूळ.
पातेलं खाली ठेवलं. सांगितलं.
ती आठवून बघायला लागली. आठवेना.
"आठवतच नाय, तर घेऊ कसं?"
"लिहिलेलं आहे," मी म्हटलं.
लिहिलेल्यापुढे ती काय बोलणार.
तिने मूठ भरून तांदूळ नुसता हुंगला आणि ठेवून घेतला.
रोजा, म्हणून चहा नाही.
भांडं रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून तळाला चार खजूर.

घरी येऊन त्या चौकोनात 'दिले' लिहायला पेन्सिल शोधते,
तर पेन्सिलींचा मग सकाळीच केरात गेलेला,
माझ्याच हाताने.

हे काही बोलले नाहीत.
वाकड्या खिळ्यांचा डबा उघडला, बोट फिरवलं,
आणि पेराएवढा एक तुकडा काढला,
लाल, सुताराचा.

टोक होतं त्याला.