जोडपत्र

सोहार बंदराच्या पाठीमागे, प्रशिक्षण केंद्राची चार नंबरची शेड.
एसीचा झोत फक्त माझ्या टेबलावर पडतो.
समोर शरफुद्दीन वांगडे, मुक्काम पोस्ट कर्जी, तालुका खेड,
वय सत्तावन्न, शिक्षण सातवी,
दाखला पुरात गेला असं ते म्हणतात, आणि मी
‘उपलब्ध नाही’ असं लिहिते.

मार्चपासून नवा नियम आहे:
पात्रतेचा कागद नसेल तर गेटपास नाही.
म्हणून एकतीस वर्षं पाइप सांधल्यावर
त्यांना पाइप सांधता येतो का, हे बघायचंय.
सांधा बघणारा माणूस वेगळा. मी कागद बघते.

“मॅडम, ही लेवल म्हंजे काय?”
शिडी समजा, मी म्हणते. दहा पायऱ्यांची.
पहिलीवर सांगितलं तेवढंच करणारा,
तिसरीवर देखरेखीखाली करणारा,
पाचवीवर देखरेख ठेवणारा,
दहावीवर, म्हणजे, आजवर कुणाला माहीत नव्हतं
असं काही शोधून लिहिणारा.
“आनि नुस्ता चांगला सांधनारा?”

मी पान उलटते.

एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे दहा तास.
जेवणाच्या सुट्टीत मी उगाच हिशेब मांडला:
दहा तासांची पाळी, वर्षाचे तीनशे दिवस, एकतीस वर्षं.
नऊ हजार तीनशे.
डॉक्टरेटला पाचशे चाळीस पुरतात.
डबा तसाच राहिला, भेंडी गार झाली.
पण ते केलेले तास आहेत, शिकलेले नव्हेत,
आणि हा फरक मला तीन दिवसांच्या कार्यशाळेत
शिकवला गेलाय. त्याचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे.

पुरावा काय, मी विचारते. फोटो?
“कशाचा? वरतून इन्सुलेशन चढतं, मग वाळू.
चांगला सांधा दिसत नाय. दिसतो तो गळनारा.”
साहेबाचं पत्र, लेटरहेडवर?
पहिला साहेब कोरियाला गेला, दुसरा देवाघरी,
तिसऱ्याची कंपनीच बुडाली.
मग बोटं दुमडत ते मला लाइनी सांगू लागतात:
खारं पाणी गोडं करतात तिथून निघालेली,
वादी ओलांडून डोंगराकडे वळणारी,
एक रमजानमध्ये रात्रीच्या रात्री पुरी केलेली,
वळणावरचा तो एक, आडवं झोपून, आरशात बघून मारलेला.
फॉर्ममध्ये या सगळ्यासाठी एकच रकाना:
जोडपत्र.

जोडपत्र! मी मराठीतून एकदा मोठ्यांदा वाचलं,
आणि आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प.

दुपारी त्यांनी तिरका पाइप सांधला.
काच खाली ओढली तेव्हा तोंड बंद झालं त्यांचं,
आणि हात बोलायला लागले, फार हळू,
लहान मुलाला अक्षर गिरवून द्यावं तसे.
पट्टी कापली, वाकवली. तडा नाही.
ती अजून ऊन होती, मी फडक्यानं धरली.

“आता तुमी मना पास करनार. तुमाला कोन तपासतो?”
आतला पडताळणीवाला.
“त्याला?”
बाहेरचा. त्याला मंडळ. मंडळाला प्राधिकरण.
“आनि पयल्याला?”
मला आठवेना. कार्यशाळेत बहुधा तो भाग
चहानंतर होता.

तिसरी पायरी. देखरेखीखाली.
याहून वर चढवायला माझ्याकडे कागद नव्हते.
रात्री घरी भात धुवायला नळ सोडला,
पाणी आलं, रोज येतं तसंच,
आणि मी तांदूळ हातात घेऊन
उगाच थांबले.

जोडपत्र एकच्या पुढे मी लिहिलं होतं:
सोबत जोडता येत नाही. पाहण्यासाठी
आठ फूट खणावे लागेल.

आज लाल अक्षरांत शेरा आलाय:
कृपया साक्षांकित प्रत जोडावी.