ओळखपरेड

हुफूफच्या अलीकडे, खजुरांची शेवटची रांग संपते तिथे
बू मुतलकचा गोठा. दुपारी पत्रे तडतडतात.
इद्रीसनं गाईचा कान दुमडून धरला:
आत गोचिडी, भिजल्या पावट्यासारख्या टच्च.
"हिला तर सुई दिली होती," तो म्हणाला.
सुई म्हणजे लस. जानेवारीत मीच दिली होती.

खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी.
मानेत लाल औषध टोचलं, रक्त नळीत घेतलं,
नळी बर्फात, आणि मग दम्मामपर्यंत
दीडशे किलोमीटर वाळू.

रात्री प्रयोगशाळेत एसी तेवढा बोलतो.
तीन गोठे, तीन नमुने, अंगावरचं प्रथिन म्हणायला एकच.
अक्षरं लावली तर इथे सीचा टी झालेला,
तिथे सहा अक्षरं गळालेली,
आणि लशीत होता तो यांच्यात कुणीच नाही.

गाईच्या रक्तात पहारा आहे. जागा आहे, इमानी आहे.
हातात फोटो मात्र जुना.
समोरून जाणाऱ्यानं मिशी काढलीय
आणि पहारेकरी त्यालाच विचारतो,
असा माणूस दिसला का कुठे?

आमच्या गंगाखेडला बहुरूपी यायचा.
एकदा फौजदार, एकदा जप्तीवाला कारकून.
वारंट निघालंय म्हटलं की आई घाबरून चहा टाकायची,
दरवेळी.
मोती कुत्रा एकदाही फसला नाही.
टोपी, पट्टा, खोटी पिस्तूल त्यानं पाहिलंच नाही.
सरळ घोट्यांपाशी जायचा, हुंगायचा,
आणि शेपूट हलवत परत पोत्यावर.

मी घोटा शोधतोय.
छत्तीस गोठे, दोनशे बारा नमुने,
एकाखाली एक मांडलेल्या ओळींत
जिथे अक्षर बदललं तर बदलणाराच मरतो
अशी एवढीशी जागा.
पेशीचं दार ज्या हातानं उघडायचं
तो हात रंगवून चालत नाही.
दोन जागा सापडल्या. एकीवर माझा भरवसा नाही.

पहाटे इद्रीसचा फोन.
गाय बसलीय, पण पाणी प्यायली.
"कोण होता?"
"तोच. पण दुसरा."
तो काही बोलला नाही. फोन खांद्याशी दाबून
गोचिडी डिझेलच्या डब्यात टाकत होता,
अरबीत मोजत.
सतराला चुकला.
पुन्हा वाहिद.