शून्य ते दहा

निपाणीत रात्री साडेदहाला
तंबाखूचा वास भिंतीतूनच आत येतो
आणि मी पुस्तक उघडते.
चौदा तारखेला बेंगळूर. परवान्याची परीक्षा.
पडद्यावर एकेक प्रश्न येणार,
उत्तर दिलं की मागं जाता येत नाही.

हजार मिली सलाईन, आठ तासांत.
एका मिलीचे पंधरा थेंब.
मिनिटाला किती?
एकतीस आणि वर पाव.
पाव थेंब कुठं पडतो, मी स्वतःलाच विचारते.
समोर आई, मांडीवर सूप, पानं कातरतेय.
मान वर न करता म्हणते,
पाव म्हणजे पंचवीस. एक कट्टा.

कस्तूरी बडिगेर माझ्यासंगं रात्रपाळीला असते.
कार्डं खिशात घेऊनच फिरते.
प्रश्न इंग्रजीत, शिवी कन्नडमध्ये,
चहा मात्र मराठीत मागते.
चार पेशंट आहेत. आधी कुणाकडं जाशील?
ओरडतोय त्याच्याकडं, मी म्हणाले होते.
चूक, बे.
ओरडायला श्वास लागतो, त्याच्याकडं तो आहे.
गप्प पडलाय त्याला बघ.

गळतग्याची एक म्हातारी मागं आली होती.
‘एदि हिडदंगागेती, तंगी.’
छाती कुणीतरी धरल्यासारखी.
मी ते मनात मराठीत आणलं,
मग इंग्रजीत फाईलीवर उतरवलं,
तोवर तिच्या उशीवर घामाचा नकाशा झालेला.
ती वाचली. पण तेवढी चार मिनिटं
अजून माझ्याकडंच आहेत.

घरी सरावाला पेशंट एकच.
हात दे. जीभ काढ. दीर्घ श्वास घे.
ऑक्सिमीटर लावायला गेले तर आकडाच येईना.
आई, ते पत्र्याचं नख काढ की आधी!
हसली. त्या नखानं ती विडीचं तोंड मुडपते,
तीस वर्षं. बोटांचे ठसे कधीचेच पुसलेत,
आधारला दोनदा परत पाठवलं होतं.
कुठं दुखतंय?
काही नाही.
कधीपासून?
काही नाही म्हटलं ना.
पुस्तकात चार पर्याय असतात,
‘काही नाही’ हा त्यांत कधीच नसतो.

बरं, शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात नाही,
दहा म्हणजे सोसवत नाही. किती?
दहाचे किती देणार, आई विचारते.

मग मीच एक मोजपट्टी केली, पुस्तकात नसलेली.
ज्या दिवशी हजार विड्या झाल्या, दुखणं शून्य.
आठशे म्हणजे कंबर.
सातशे म्हणजे कंबर आणि खोकला,
आणि चेकरनं छाट काढताना काहीतरी बोललेलं.
सहाशेच्या खाली ती फक्त मावशीच्या लग्नात आली होती,
आणि अण्णा गेले त्या आठवड्यात.

आज मी हृदयाचा धडा वाचत होते.
बायकांचं दुखणं नेहमी छातीत येत नाही,
जबड्यात येतं, पाठीत येतं,
नुसता थकवा होऊन येतं.
खाली पेन्सिलीनं रेघ मारली.
विचारायचं म्हणून विचारलं, आज किती झाल्या?
आईनं कट्टे मोजले. परत मोजले.
चारशे सत्तर.
दात दुखतोय वाटतं, म्हणाली, डावीकडचा.
जानेवारी महिना. दार उघडं. कानामागं घाम.

पुढचा प्रश्न मी वाचला नाही.
ऍस्पिरिन चावायला लावली, पाणी न देता.
कस्तूरीला फोन केला, ईसीजी लावून ठेव,
कुणाचा ते तिनं विचारलं नाही.
कोपऱ्यावरची रिक्षा अर्धी पुसून झाली होती,
तशीच निघाली.

पंधरा सेकंद मोजायचे, चारनं गुणायचं,
सगळेच तसं करतात.
ठोके एकसारखे नसतील तर पूर्ण मिनिट.
मी पूर्ण मिनिट मोजत होते,
तिचं मनगट माझ्या मांडीवर,
पत्र्याचं नख अजून बोटातच,
आणि बत्तिसाव्या की तेहेतिसाव्या ठोक्याला
आई म्हणाली,
पानांवर ओलं फडकं टाकलंस का गं?
वाळतील.