चार फुगे, एक गाठ

फळ्याला खोली नसते.
म्हणून वीस वर्षं मी मिथेन काढत आले
अधिकच्या चिन्हासारखा:
चौकात हवालदार उभा असावा तसा मधोमध कार्बन,
चार रस्त्यांना चार हायड्रोजन.
खाली लिहीत आले, कोन एकशे साडेनऊ.
एकानेही विचारलं नाही,
बाई, हा तर काटकोन दिसतोय.

इम्तियाज बागवानने विचारलं.
नाना पेठेतलं रात्रीचं कॉलेज, साडेसातचा तास,
दिवसभर हॉलमध्ये वाढदिवसाच्या कमानी बांधून आलेला,
बोटांवर गाठींचे वळ.
"चार फुगे एका गाठीत बांधले ना बाई,
तर ते असे आडवे नाही पडत.
कधीच नाही. मी रोज बांधतो."

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीतून पुडा घेऊन आला.
दोन बांधले. सरळ रेषेत, एकमेकांकडे पाठ करून.
तिसरा आला तशी त्यांनी जागा केली,
टेबलावर सपाट पसरले तिघं.
चौथा घुसवला
आणि सगळी गाठच टेबलावरून उठली.
तीन खाली टेकलेले, एक छताकडे.
त्याने तळहाताने ती दाबली,
माझ्या फळ्याइतकी चपटी केली,
हात काढला.
उठली पुन्हा.
"त्यांना सांगावं नाही लागत.
गर्दीत जो तो लांब सरकतो, झालं."

मी डस्टर हातात घेऊन नुसतीच उभी.

मग बंधही मी जरा वेगळा सांगितला.
भिशी आहे ही, म्हटलं.
याने एक घातला, त्याने एक घातला,
आता भिशी मोडल्याशिवाय
कोणालाच आपला म्हणून उचलता येत नाही.
मागच्या बाकावरच्या बायकांनी पहिल्यांदाच मान डोलावली.

अमोनियासाठी एक फुगा पारदर्शक घेतला,
इतरांपेक्षा थोडा जास्त फुगवून.
ही एकाकी जोडी.
वैजू ओव्हाळ, दिवसा पॅथॉलॉजीत नळ्या धुते, म्हणाली,
"जोडी आहे तर एकाकी कशी?"
वर्ग हसला.
मला आमच्या जिन्यातले टिळेकर आठवले,
दुसऱ्या मजल्यावरचे दोघं.
ना कोणाच्या भिशीत, ना कोणाच्या हळदीकुंकवाला.
पण त्यांच्या दारावरून जाताना
अख्खी बिल्डिंग जराशी दबून, एका अंगाने जाते.
वाटून न घेतलेलं जास्त जागा खातं, मी म्हटलं.
म्हणून इथे एकशे सात.
पाण्यात तर अशा दोन जोड्या.
खडकवासल्याचं असो नाहीतर टँकरचं,
एकशे साडेचार.

तेवढ्यात मिथेनचा एक फुगा
ट्यूबच्या पट्टीला घासून फुटला.
कोणाचे हात अजून कानांवरून निघाले नव्हते,
तोवर उरलेले तिघं सपाट झाले होते,
एकशे वीस, एकशे वीस, एकशे वीस.
कसलीही चर्चा नाही.
आमच्याकडे बाबा गेल्यावर
त्यांच्या पाटाची जागा भरायला
सात वर्षं लागली होती.
हे मी वर्गात बोलले नाही.
"मॅडम, परीक्षेला हे येणार का?"
कोणीतरी विचारलंच.
येणार, म्हटलं. दोन गुणांना.

इम्तियाजने चौथा नवा बांधून दिला.
गठ्ठा कपाटावर ठेवून मी कुलूप लावलं.

मध्ये दिवाळीची सुट्टी गेली.
उघडून पाहिलं तर
चारही लिंबाएवढे, सुरकुतलेले,
धुळीने मळकट.
मी कोनमापक आणला, उगाचच,
आणि जमेल तसा लावून बघितला.
माणसाच्या हाताची चूक धरून
एकशे दहाच्या आसपास.